मंजूची दोरी

अर्ज भरायचा तर तो शेखरनेच, यावर विधात्यांच्या घरात दुमत नव्हतं. पंचवटीत त्याचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं आणि आठ वर्षांत त्याने तलाठ्यापासून नर्सपर्यंत हजारोंचे अर्ज भरले होते. त्यातल्या किती जणांना नोकरी लागली हे त्याला कोणी विचारत नसे, आणि तोही आपण होऊन सांगत नसे. पण आजचा अर्ज चुलतबहिणीचा होता. पद राज्याच्या सांख्यिकी खात्यातलं, वरिष्ठ सांख्यिकी तज्ज्ञाचं, आणि मुदत उद्या सोमवारी पाच वाजता संपत होती. म्हणून त्याने रविवारी दुकान बंद ठेवलं, लॅपटॉप आणि स्कॅनर मखमलाबादला मळ्यातल्या घरी आणला आणि डायनिंग टेबलावर मांडला. त्या टेबलावर जेवायला कोणी बसत नसे. शेखरच्या बायकोने, भाग्यश्रीने, हट्टाने घेतलेलं ते टेबल आजवर भाजी निवडायला आणि इस्त्री करायलाच उपयोगी पडलं होतं.

नाशिकलाच सांख्यिकी कार्यालयात नोकरीला असलेली ही बहीण, मंजुषा, साडेदहाला फाइल घेऊन आली. तिचे वडील रंगनाथ गेले तेव्हा ती बारावीत होती. तेव्हापासून तिचं शिक्षण, वसतिगृह, लग्न, सगळं काकांनी केलं. हे काका म्हणजे शेखरचे वडील, मोतीराम तात्या. त्यांनी आज इस्त्रीचा सदरा घातला होता आणि टोपीसुद्धा नवी होती. अर्ज जणू त्यांचाच होता.

"वाच," तात्या म्हणाले. "पहिल्यापासनं वाच. एक अट सोडू नको."

शेखर दुकानातल्या आवाजात वाचू लागला. "वय. अर्जाच्या अंतिम दिनांकास पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत."

"चव्वेचाळीस वर्षं आठ महिने," मंजुषा म्हणाली.

"म्हणजे पुढची जाहिरात येईपर्यंत तू बाद."

"पुढची तीन वर्षांनी येते. येतेच असंही नाही."

"मग आज बसलोय ते बरोबर बसलोय. पुढं. सांख्यिकी विषयातली पदव्युत्तर पदवी, किमान पंचावन्न टक्के गुणांसह."

"अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न?" तात्या खुर्चीत पुढे सरकले. "साठ ना?"

"अठ्ठावन्न, तात्या. पहिल्यापासून अठ्ठावन्नच आहेत."

तात्या गेली वीस वर्षं गावात साठ सांगत आले होते. त्यांनी टोपी नीट केली आणि शेखरला पुढे वाचायची खूण केली. भाग्यश्री तोंडाला पदर लावून आत वळली.

"पर्यवेक्षणाचा अनुभव सात वर्षं."

"नऊ. दाखला त्या निळ्या कव्हरमध्ये आहे."

"आता ही शेवटची. उमेदवाराने स्वतंत्रपणे आखलेलं आणि पार पाडलेलं किमान एक नमुना सर्वेक्षण, मान्य झालेल्या अहवालासह." शेखरने मान वर केली. "इथंच लोक मार खातात, ताई. डिग्री सगळ्यांकडं असते. हे कोणाकडं नसतं."

"माझ्याकडे आहे," मंजुषाने फाइलीच्या तळाचा जाड अहवाल काढून टेबलावर ठेवला. "झेंडूचा."

तो अहवाल घरातल्या सगळ्यांना माहीत होता. नाशिकच्या आसपास एवढा झेंडू होतो, पण एकरी नेमका किती निघतो याचा धड आकडा कोणाकडे नव्हता. दोन वर्षांपूर्वी मंजुषाने तो काढायचं ठरवलं. वीस गावं, साठ शेतं, आणि शेतं कोणती हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं आकड्यांवरून ठरलेलं. प्रत्येक शेतात नैऋत्येच्या कोपऱ्यापासून किती पावलं उभी आणि किती आडवी जायची, तेही आकड्यांवरूनच. पावलं जिथं संपतील तिथं चार खुंट्या ठोकायच्या, दोरी बांधायची, दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. त्या दोरीच्या आतली फुलं प्रत्येक तोड्याला वेगळी तोडायची आणि वेगळी वजन करायची. जागा चांगली की वाईट हे बघायचं नाही. पट्ट्यातले बरेच शेतकरी विधात्यांचे भाऊबंद नाहीतर सोयरे, त्यामुळे साठांत अकरा शेतं नात्यातली निघाली. तिने तेही अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

अहवाल बघून तात्यांची छाती भरून आली. आणि छाती भरून आली की त्यांना गप्प बसवत नसे.

*

दोन वर्षं त्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली होती. पुतणीवर उपकार केले तर ते बोलून दाखवू नयेत, असं त्यांचं मत होतं. पण आज तिचं काम फत्ते होणार, शेखर म्हणतो तसं इतर लोक जिथं मार खातात तिथंच ती तरणार. मग आपला वाटा तिला कळायला काय हरकत आहे?

"त्या अहवालात माझाबी हात हे बरं का मंजू," ते हसत म्हणाले.

"तुमच्या शेतातला प्लॉट होता ना. सदतीस नंबर."

"तसं नव्हं. तू दोरी बांधून गेलीस ती कुठं आली होती, आठवतं? बांधाकडच्या तुकड्यात. जांभळाच्या सावलीत. तिथं जमीन चोपण, झाड गुडघ्याच्या वर जात नाय. मी म्हटलं, पोरीचं एवढं सरकारी काम, आणि तिच्या घरच्याच शेतात खुरटी फुलं? पाहुण्याला कोणी फाटकं अंथरतं का? दुसऱ्या दिवशी उठून चारी खुंट्या काढल्या आणि मधल्या वाफ्यात नेऊन ठोकल्या. मापानं हां. दोरीला दोरी. एक बोट इकडं तिकडं नाय."

मंजुषाने हातातला दाखला खाली ठेवला.

तिला बोलवेना हे तात्यांनी कौतुकाचं लक्षण मानलं. "एकट्यानं नाय केलं. नात्यातल्या बाकीच्या दहाबी जणांना फोन लावले. आडगावचा भिमाजी, दरी गावचा बारकू, मुंगसरा, म्हसरूळ, सगळे. म्हटलं, मंजूचं काम हे, तुमच्या रानात जिथं पीक लय चांगलं तिथं दोरी गेली पायजे. नाव खाली जाऊ देऊ नका. एकानं नाय म्हटलं नाय."

"दहा जणांना," मंजुषा म्हणाली.

"अकरावा मी."

भाग्यश्री चहा घेऊन आली होती. तिने ट्रे हातातच धरला आणि एकदा सासऱ्यांकडे, एकदा नणंदेकडे पाहिलं. "म्हणजे फुलं जरा जास्त भरली. त्यात वाईट काय झालं, ताई?"

मंजुषाने अहवाल उघडला. ते पान उघडायला तिला शोधावं लागलं नाही. "इथं मी लिहिलंय की ठिबकमुळं झेंडूचं उत्पन्न अठरा टक्के वाढतं. हा माझ्या अहवालातला सगळ्यात मोठा निष्कर्ष. जिल्ह्यात जो तो आता हा आकडा सांगतो. आणि ठिबक जास्त करून आपल्याच भाऊबंदांकडे आहे. मग ते अठरा टक्के ठिबकचे की तात्यांच्या खुंट्यांचे, हे आता मी कशावरून सांगू?"

तात्यांना अठरा टक्क्यांचं काही कळलं नाही, पण पुतणीचा आवाज कळला. रंगनाथ गेला त्या दिवशी तिचा असा आवाज झाला होता. त्यांचं हसू तोंडावरच राहिलं.

*

शेखरने लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटला. दुकानात एखाद्या अर्जदाराच्या कागदात घोळ निघाला की तो हेच करायचा.

"ऐका सगळे," तो म्हणाला. "काही झालेलं नाही. अहवाल मान्य झालाय, सही-शिक्का आहे. खुंट्या दोन वर्षांपूर्वीच निघाल्या, रानात आता टोमॅटो आहे. आपण सहा जणं सोडून हे कोणाला माहीत नाही."

"पाच," भाग्यश्री म्हणाली.

"पाच. आणि ते दहा जण. ते काही कुठं बोलायला जात नाहीत. ताई, मी पीडीएफ जोडतो, तू सही कर, विषय संपला."

"खाली काय लिहिलंय वाच ना. जिथं सही करायची तिथं."

त्याने वाचलं नाही. त्याला ते पाठ होतं. वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे. तासाभरापूर्वीपर्यंत ती मंजुषाच्या माहितीप्रमाणे सत्य होती. आता नव्हती.

"मंजू, माझं चुकलं असं म्हणतीस का तू?" तात्यांनी विचारलं.

"चुकलं, तात्या."

घरात हे वाक्य त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पाटाच्या पाण्यावरून झालेल्या भांडणातसुद्धा नाही, आणि त्यात तर ते उघड उघड चुकले होते. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "चांगलं करायला गेलो. चोरी नाय केली. थांब, भिमाजीलाच विचारतो. त्याला तरी कळंल मी काय म्हणतो ते." त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

भिमाजी तात्यांचा चुलतभाऊ, वयाने दहा वर्षांनी लहान. "हां दादा, बोला."

"भिमा, मंजूच्या झेंडूच्या वेळंला तू खुंट्या सरकवल्या होत्या का?"

"सरकवल्या की! तुम्ही सांगितलं आणि मी नाय करणार? पार पुढच्या वाफ्यात नेल्या. का हो, बक्षीस लागलं का काय?"

तात्यांनी फोन ठेवला आणि म्हसरूळला लावला. तिकडूनही "हो दादा, त्याच दिवशी" आलं. तिसरा फोन लावेपर्यंत शेखरने डोकं धरलं होतं. "झालं ना समाधान? सगळ्यांनी सरकवल्या. आता हे बाहेर काढलंस तर अकरा प्लॉट गेले, निष्कर्ष गेला, अहवाल गेला आणि पोस्टही गेली. त्यापेक्षा गप्प बस, ताई. हात जोडतो."

मंजुषाला ते पद हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. नऊ वर्षं तिने आखलेल्या कामांवर दुसऱ्यांच्या सह्या झाल्या होत्या, आणि ज्यांना नमुना कसा निवडतात हे धड सांगता येत नव्हतं असे लोक तिच्यावर साहेब म्हणून येऊन गेले होते. झेंडूचं काम तेवढं तिचं एकटीचं होतं. रजेच्या दिवशी स्कूटर घेऊन ती साठही शेतांत गेली होती, पावलं स्वतः मोजली होती. आणि ज्या माणसांनी तिला शिकवलं त्यांनीच, तिच्यावरच्या मायेने, ते काम पोखरून ठेवलं होतं. तिला राग धड करता येईना आणि रडताही येईना.

सवयीने तिने मूळ आकड्यांची फाइल उघडली. निदान किती बिघडलंय ते तरी बघावं. साठ प्लॉट, जास्त उत्पन्नापासून कमीकडे लावलेले. तिने सदतीस नंबर वरच्या दहांत शोधला. नव्हता. वरच्या विसांत शोधला.

"तात्या, तुम्ही नक्की सरकवल्या होत्या?"

"चारी. माझ्या हातानं. आता काय शपथ घेऊ?"

"मग तुमचा प्लॉट साठांत बावन्नावा कसा आला?"

स्वयंपाकघराच्या दारात तात्यांच्या पत्नी, सखुबाई काकू, मेथी निवडत बसल्या होत्या. सकाळपासून त्या तिथंच होत्या आणि सकाळपासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

"मी ठेवल्या परत," त्या म्हणाल्या.

*

सखुबाईंना ती सकाळ नीट आठवत होती. मंजूने आदल्या दिवशी कोपऱ्यापासून पावलं मोजली होती, मोठ्याने मोजली होती, आणि दोरीला शेवटची गाठ मारताना म्हणाली होती, "काकू, ही हलली की माझं सगळं काम गेलं. लक्ष ठेवा." मग दुसऱ्या दिवशी त्या फुलं तोडायला गेल्या तर दोरी भलतीकडेच. कोणी हलवली हे विचारायची गरज नव्हती, मातीत नवऱ्याच्या चपलेचे ठसे होते. बांधाकडच्या तुकड्यात खुंट्यांची जुनी भोकं तशीच होती. त्यांनी चारी खुंट्या त्या भोकांत पुन्हा ठोकल्या आणि तोड्याला लागल्या.

"तू?" तात्या म्हणाले. "आणि मला सांगितलं नाय?"

"तुम्ही सरकवल्या तवा मला सांगितलं होतं का?"

"मी काहीतरी विचार करून..."

"मंजू म्हणाली हलवू नका. तुम्ही म्हणालात हलवा. ह्या कामाचं तिला जास्त कळतं का तुम्हाला, एवढाच विचार मी केला." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. त्यांचा आवाज चढला नव्हता. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो चढवायची त्यांना गरजच वाटली नव्हती, आणि तात्यांना आता त्याचीच धास्ती वाटली.

"दोन वर्षं," तात्या सावकाश म्हणाले, "सरकारदरबारी माझं शेत बावन्नावं लिहिलेलं हे?"

"त्या तुकड्यापुरतं," मंजुषा म्हणाली.

"लिहिलेलं हे का नाय?"

"आहे."

ते खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांच्या शेताला कोणी नावं ठेवलेली त्यांना आठवत नव्हती.

मंजुषा मात्र सखुबाईंकडे बघत होती. "काकू, भिमाजीकाका म्हणतात त्यांनी सरकवल्या. म्हसरूळचे म्हणतात आम्हीही. तुम्हाला काय वाटतं?"

"ह्यांनी फोन करून विचारलं, पाण्याचा पाट उचलून दुसरीकडं ठेवला का, तरी ते हो म्हणतील. ह्यांना नाय कोण म्हणतंय?" सखुबाई हात पुसत उठल्या. "फुलं तोडली बायांनी. तुझ्या त्या दोरीतली वेगळी तोडायची, वेगळी पाटी भरायची, सगळा ताप बायांना. त्यांना विचार ना."

मंजुषाच्या डोक्यात काहीतरी हललं. प्रत्येक शेताचा हाताने काढलेला नकाशा तिच्याकडे होता, दोरी कुठं पडली ते खुणेसकट. "तुम्ही विचाराल? पण मी तुम्हाला नकाशा दाखवणार नाही. दोरी कुठं असायला हवी हे तुम्हाला माहीत नको आणि त्यांनाही सांगायचं नाही. फक्त कुठं होती तेवढं विचारायचं. सरकवली का, असं तर विचारायचंच नाही."

"तसं विचारलं तर घाबरतील ना बाया. एवढं कळतं मला."

शेखर म्हणाला, "दोन वर्षांनंतर कोणाच्या लक्षात असणारे?"

"तू अर्ज भर," सखुबाई म्हणाल्या.

पहिला फोन आडगावला, भिमाजीच्या बायकोला, रंगूबाईला. सखुबाईंनी आधी तिच्या सुनेची चौकशी केली, मग गुडघ्यांची, मग म्हशीची. भाग्यश्री वही-पेन घेऊन शेजारी बसली होती. कधी बसली, हे शेखरला कळलं नाही.

"रंगूबाई, त्या साली मंजूची दोरी होती बघ झेंडूत. कुठंशी होती गं तुमच्यात?"

"अगं बाई, ती? विहिरीच्या मागं! चिखलात. दर तोड्याला पाय भरायचे माझे. मी म्हणलं ह्यांना, जरा अलीकडं घ्या की. तर हे म्हणाले, हो बघतो. सात तोडे झाले, अजून बघत्यातच."

मंजुषाने नकाशा उघडला. विहिरीच्या मागे, पश्चिमेला. तिने भाग्यश्रीला मान हलवून खूण केली आणि भाग्यश्रीने वहीत बरोबरची खूण केली. तात्या खिडकीकडून वळले. भिमाजी आपल्याशी खोटं बोलला याचं वाईट वाटून घ्यावं की बरं वाटून घ्यावं, हे त्यांना ठरवता येईना.

म्हसरूळची दोरी रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाजवळ होती, नकाशात होती तिथंच. मुंगसऱ्यात मात्र नव्हती. आणि दरीच्या लताबाईंनी, बारकूच्या बायकोने, न विचारताच सांगून टाकलं. "पहिल्यांदा माळाच्या बाजूला बांधली होती, मग ह्यांनी दोन दिवसांनी उचलून ओढ्याकडं नेली. लय फुलं निघाली हां वन्सं! मंजूला सांगा, आमचीच जास्त निघाली असतील." भाग्यश्रीने फुली मारली. एका घरचा फोन बंद होता, तेव्हा सखुबाईंनी शेजारणीला लावून त्या बाईला बोलावून घेतलं. एका बाईला आठवत नव्हतं, तर त्यांनी तिला दुपारी दोरीत सावली यायची का, हे विचारलं. हा प्रश्न मंजुषाला सुचला नसता.

दीड वाजेपर्यंत दहा घरं झाली. सात बरोबर, तीन फुल्या. सकाळची भाजी तशीच राहिली आणि सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली.

*

मंजुषाने तीन प्लॉट काढून आकडे पुन्हा मांडले. शेखर मागे उभा राहून बघत होता.

"किती?"

"तेरा."

"अठराचे तेरा." तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. आता तो दुकानदारासारखा बोलत नव्हता. "ताई, नीट ऐक. तेरा काय आणि अठरा काय, वाचणाऱ्याला दोन्ही सारखे. पण अहवाल मान्य झालेला पाहिजे, अशी अट आहे. तूच लिहून दिलंस की यातले तीन प्लॉट चुकीचे आहेत, तर तिथं बसलेला कोणीतरी म्हणेल, मग हा मान्य कसा? आणि तुझा अर्ज छाननीतच उडेल. तोंडी परीक्षेपर्यंतसुद्धा जाणार नाही. आठ वर्षांत मी एवढे अर्ज भरले, आपली चूक आपण होऊन जोडणारा उमेदवार मी पाहिलेला नाही. अर्जात तसा रकानाच नाही."

"'इतर कागदपत्रे' म्हणून आहे ना? तिथं जोड. उद्या ऑफिसातही हेच पत्र देणार आहे."

"आणि गेली तर?"

"गेली तर मला फार वाईट वाटेल, शेखर. कदाचित तात्यांशी महिनाभर बोलणार नाही." तिचे डोळे भरले आणि तिने ते लपवले नाहीत. "पण तिथं बसून मी दुसऱ्यांचे आकडे तपासणार. माझा हा आकडा खोटा आहे हे मला माहीत असताना मी कोणाला काय विचारू?"

शेखरने बायकोकडे पाहिलं. सकाळी ती त्याच्या बाजूने होती.

"जोडा की," भाग्यश्री म्हणाली. "ताईंच्या सहीचं आहे. तुमच्या नाही."

"नावं लिवणार का?" तात्यांनी विचारलं. दुपारपासून ते पहिल्यांदाच बोलले. "त्या तिघांची? मी सांगितलं म्हणून केलं त्यांनी. लिवायचं तर माझं लिव."

"नाव कोणाचंच नाही. प्लॉट नंबर फक्त. आणि तुमचा नंबर त्यात येतच नाही, तात्या. तुमचा प्लॉट बरोबर आहे."

ते त्यांना लागलंच. पण त्यांनी मान हलवली. "लिव मग."

एक पानाचं पत्र झालं. कोणते तीन प्लॉट, जागा का बदलली, ते काढल्यावर आकडा किती येतो. शेखर टाइप करत होता आणि मंजुषा सांगत होती. शेवटी ती म्हणाली, "खाली एक तक्ता कर. फेरपडताळणी कोणी केली, कशी केली. हे नसेल तर पत्राला अर्थ नाही. चार रकाने. नाव, वय, शैक्षणिक पात्रता, पडताळणीची पद्धत."

"नाव काय टाकू? तुझंच?"

"माझं कसं? मी फक्त नकाशे बघितले. सखुबाई मोतीराम विधाते."

सखुबाई भांडी घासत होत्या. आपलं नाव ऐकून त्यांनी नळ बंद केला. शेखरने आईचं नाव टाइप केलं. आजवर त्याने ते रेशनकार्डावर आणि बँकेच्या अर्जात टाइप केलं होतं, आणि दोन्हीकडे शिक्षणाच्या रकान्यात त्याने न विचारता आडवी रेघ मारली होती.

"वय त्रेसष्ट," तो म्हणाला. "पात्रता?"

तात्या खुर्चीतून उठून टेबलाजवळ आले. सकाळपासून त्यांना या घरात काहीतरी चांगलं करायची संधी हवी होती, आणि आता ती मिळाली. बायकोचं नाव सरकारी कागदावर चाललं होतं, शिकलेल्या लोकांच्या पंक्तीत. "चौथी पास लिव," ते ठामपणे म्हणाले. "तिच्या वेळंला चौथी म्हणजे लय झालं. चौथी पास."

शेखरने 'चौथी' टाइप केलं.

"तिसरी," सखुबाई दारातून म्हणाल्या. हातांना अजून साबण होता. "चौथीची परीक्षा नाय दिली मी. कांदे लावायचे होते. तिसरी लिव."

शेखरने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि चौथी खोडली.